शून्यातून न गेलेली रेघ

"मामा, घाबरू नका, फुटत नाही ते. ही गोल गुंडी दिसतेय ना, ती माउसने पकडा आणि ओढा," सलोनी मॅडम म्हणाल्या. "ही लेंग्थ. दोरी लांब झाली की लंबक स्लो होतो. आणि बघा, साइडला ग्राफ लगेच प्लॉट होतोय."

मी गुंडी ओढली. पडद्यावरची दोरी लांब झाली, गोळा संथ झाला आणि शेजारच्या चौकटींवर एक निळा ठिपका येऊन बसला. पुन्हा ओढली, दुसरा ठिपका. ना स्टँड, ना कॉर्क, ना वाऱ्याने गोळा हलतो म्हणून पंखे बंद करायची भानगड.

"छान आहे," मी म्हणालो. "झाडायला नको, पुसायला नको. आपली गरज नाही हे पहिल्या मिनिटात सिद्ध झालं."

"असं काय बोलता मामा?"

"खरं तेच बोलतो. अठ्ठावीस तारखेला मी आणि ते लोखंडी स्टँड एकाच दिवशी बाहेर पडणार. स्टँडला निदान भंगारवाला आहे."

मॅडम हसल्या. वय सत्तावीस, फिजिक्स शिकवायला आल्याला दोन वर्षं झाली, आणि पोरगी गुणी आहे. नारायण पेठेतल्या या ज्युनिअर कॉलेजात मी एकोणतीस वर्षं प्रयोगशाळेचा परिचर आहे. नाव शकील बागवान. मला स्वतःला बी.कॉम.चं दुसरं वर्षही झेपलं नाही, पण लंबक, भिंग, विजेची सर्किटं यांच्यात आयुष्य गेलं. पोरं मला मामा म्हणतात, आणि आता त्या पोरांची पोरंही मामाच म्हणतात.

"आता मजा बघा," मॅडम म्हणाल्या. "इथे 'चूक मिसळा' असं बटण आहे. रिअल लॅबमध्ये एरर असतातच ना. स्टॉपवॉच लेट सुरू झालं, पट्टीचं टोक झिजलं, असलं काहीही. ग्राफ बघून मुलांनी ओळखायचं की चूक कुठे झाली. दाबा."

मी दाबलं. खाली चार-पाच नवीन गुंड्या उघडल्या. त्यांतल्या एकीवर लिहिलं होतं, 'पट्टीचं टोक'. उणे पाचपासून अधिक पाच सेंटिमीटरपर्यंत. माझा हात तिच्यावर गेला आणि उणे दोनवर थांबला.

आलेखावरची रेघ तोवर शहाण्यासारखी डाव्या कोपऱ्यातल्या शून्यातून निघत होती. दोरीची लांबी शून्य तर झोक्याला लागणारा वेळही शून्य आणि उभ्या बाजूला मांडलेला त्या वेळेचा वर्गही शून्य, म्हणून ती तिथूनच निघायला हवी. आता अख्खी रेघ उजवीकडे सरकली. तिरकेपणा तोच राहिला, फक्त शून्य सुटलं, आणि खालच्या आडव्या रेषेला ती बरोबर दोनच्या आकड्यावर जाऊन टेकली.

मला ती रेघ ओळखू आली.

"अरे वा मामा, करेक्ट खेळलात," मॅडम पुढे वाकल्या. "स्लोप बदलत नाही बघा. म्हणजे स्लोपवरून काढलं तर जी, ग्रॅव्हिटीचा आकडा, बरोबरच येतो, फक्त लाइन ओरिजिनमधून जात नाही. आणि ते बघून समजतं की वेळ नीट मोजलाय, लांबीच चुकलीये. हे बोर्डात येणाऱ्यांनासुद्धा येत नाही."

"एकीला आलं होतं," मी म्हणालो. पण तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या खिडकीकडे गेल्या. परत आल्यावर मी विचारलं, "याची प्रिंट मिळेल का हो?"

"ही? कशाला?"

"आठवण म्हणून. रिटायर होणाऱ्याला नारळ देतातच. मला हे द्या."

त्यांनी दिली. मी ती घडी न घालता वर्तमानपत्रात गुंडाळली.

आता सांगतोच. एकोणीस वर्षं कुणाला सांगितलं नाही, एक आबेदा सोडून. आबेदा माझी बायको.

त्या वर्षी बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी मला दिसलं की लंबकाचे धागे कुजलेत. हात लावला की तुटत होते. माझी एक पद्धत होती, आणि खोटं कशाला बोलू, तिचा मला गर्व होता. इतर कॉलेजांत पोरं दर वेळी धागा मोजत बसतात. माझ्या लॅबमध्ये धाग्यावर शाईच्या खुणा असायच्या. गोळ्याच्या मध्यापासून पन्नास, साठ, सत्तर, थेट शंभरपर्यंत. खूण धागा पकडणाऱ्या कॉर्कपाशी आणली की लांबी झाली. नीरजा मॅडम तेव्हा विभागप्रमुख होत्या. त्या बाहेरच्या परीक्षकांना कौतुकानं सांगायच्या, "आमच्या शकीलच्या खुणा आहेत, डोळे झाकून घ्या."

त्या दिवशी कॉलेजात वेळ पुरला नाही, म्हणून मी नवे आठ धागे आणि गोळे भवानी पेठेत घरी नेले. आबेदा कपडे शिवते. तिच्या शिलाई मशीनवरची मोजायची टेप घेतली, टोक गोळ्याच्या मध्याशी धरलं आणि तासाभरात खुणा करून मोकळा झालो.

सकाळच्या तुकडीत आठ जणांना लंबक आला. आता आपल्याकडे प्रॅक्टिकल कशी होतात ते आपण सगळे जाणतो. कुणी काही मोजत नाही. उत्तर पुस्तकात छापलेलं असतं, नऊशे अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. त्यावरून उलटं गणित करून रीडिंग लिहायची, एखादं रीडिंग मुद्दाम जरा चुकवायचं म्हणजे खरं वाटतं, आणि रेघ शून्यातून काढायची. ज्याला तेही जमत नाही त्याच्या कानात मामा सांगतो. हो, मीच सांगायचो. कधी चहाचीही अपेक्षा केली नाही. पोरांचं वर्ष वाया जाऊ नये एवढंच मनात असायचं, आणि त्यात मी काही वाईट करतोय असं मला कधीच वाटलं नाही.

चार नंबरच्या टेबलावर संस्कृती होती. वारज्याची, शेतकऱ्याघरची. अंगानं काटकुळी, आवाज बारीक. तिनं आल्या आल्या मोठी पट्टी उचलली आणि धाग्याला लावायला गेली.

"अगं, मोजू नकोस," मी म्हणालो. "खुणा मी केल्यात. वेळ जाईल तुझा." आणि मी तिच्या हातातून पट्टी काढून घेतली. भिंगाच्या टेबलावर एक कमी होती, ती तिथे दिली.

थोड्या वेळानं जाऊन मी हळूच विचारलं, "रीडिंग देऊ का?"

"नको मामा. मोजते ना मी."

आणि ती खरंच मोजत होती. बाकीची पोरं फार तर वीस झोके मोजतात, हिनं पन्नास मोजले. सहाही लांब्यांना पन्नास. ओठातल्या ओठात. एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. अख्ख्या लॅबमध्ये खरा लंबक त्या एकाच टेबलावर हलत होता.

परीक्षक बाहेरचे होते, घाईतले. त्यांनी तिची उत्तरपत्रिका उचलली आणि चष्म्यावरून पाहिलं. "एक हजार सहा? वारज्यात पृथ्वी जास्त ओढते वाटतं?" दोन-चार पोरं हसली. "आणि ही रेघ शून्यातून का जात नाही?"

"सर, ठिपके तसेच आलेत."

"आलेत की मांडलेस? घरून पाठ करून यायचं, तेही धड नाही. निदान नीट खोटं लिहायला तरी शिका."

"सर, मी मोजलंय. यांना विचारा." तिनं माझ्याकडे बोट केलं.

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरची तार गुंडाळत होतो. ती गुंडाळतच राहिलो.

तिला तीसपैकी नऊ मिळाले. शेजारच्या टेबलावर ज्याला मी रीडिंग सांगितली होती, त्याला अठ्ठावीस.

त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता मी घरी चहा पीत होतो. समोर आबेदा एका पोरीचं फ्रॉकचं माप घेत होती. मी पाहिलं तर ती टेप टोकापासून धरत नव्हती, जरा आतून धरत होती. मी विचारलं, असं का?

"टोकाची पत्र्याची पट्टी निघाली होती, धागे सुटत होते. मीच कापलं दोनपर्यंत," ती म्हणाली. "मी दोनपासूनच धरते. सवय आहे मला. का?"

मी कप खाली ठेवला. माझ्या प्रत्येक खुणेत दोन सेंटिमीटर कमी होते. शंभरच्या खुणेला धागा अठ्ठ्याण्णवच. म्हणजे एकेका रीडिंगवरून केलेला त्या पोरीचा हिशेब हजार सहा येणारच होता आणि तिची रेघ शून्य सोडून जाणारच होती. माझ्या चुकीच्या धाग्यावर सात जणांच्या रेघा शून्यातून गेल्या होत्या, त्या सातही खोट्या. आणि जी शून्यातून गेली नव्हती ती एकटी खरी.

आता कुणी म्हणेल, मग दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायचं. परीक्षा अजून दोन दिवस चालू होती, मार्कांची पाकिटं सील व्हायची होती. पण काय सांगणार होतो? धागा चुकलाय म्हटलं असतं, तर पहिला प्रश्न आला असता की बाकीच्या सातांचे आलेख बरोबर कसे आले. सातही पोरं अडकली असती. मग त्यांनी सांगितलं असतं, मामांनी सांगितलं. दहा वर्षं मी तात्पुरता होतो, कायम होण्याचा कागद त्याच महिन्यात वर गेला होता. घरात अर्शिया चार वर्षांची. मी त्याच संध्याकाळी परत कॉलेजात गेलो, लॅबची पट्टी घेऊन नवे धागे केले आणि जुने आठ घरी आणून गॅसवर जाळले. शाईचा वास आला. दुसऱ्या दिवशीच्या तुकडीला बरोबर धागे मिळाले. कायमचा कागदही आला.

जूनमध्ये ती मार्कलिस्ट घ्यायला आली. सोबत वडील होते, दत्तोबा. टोपी हातात धरून ते लॅबच्या दारात उभे राहिले, आत यायला तयार नव्हते. सीईटीत तिला चांगले मार्क होते. पण इंजिनिअरिंगला बारावीचे तीन विषय मिळून दीडशे लागत होते आणि हिचे भरले एकशे शेहेचाळीस. प्रॅक्टिकलला तेरा असते तरी काम झालं असतं.

"मामा," दत्तोबा म्हणाले, "पोरगी म्हणती, म्या मोजून लिवलंय. सायेब म्हणत्यात खोटं हाय. तुमी हितंच हुता. तुमीच सांगा, हिनं मोजलं का न्हाई?"

ती वडिलांच्या मागे उभी होती. रडत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती.

"परीक्षकांपुढे आमचं काय चालतं हो," मी म्हणालो.

"ते न्हाई इचारत. हिनं मोजलं का?"

"मी दुसऱ्या टेबलावर होतो," मी म्हणालो.

दत्तोबांनी टोपी डोक्यावर घातली आणि पोरीकडे एकदा पाहिलं. मग दोघं जिना उतरून गेले. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं तिच्या वर्गातल्या कुणीतरी सांगितलं.

तीन वर्षांनी त्या उत्तरपत्रिका रद्दीत निघाल्या, तेव्हा गठ्ठ्यातून मी तिचा आलेखाचा कागद सोडवून घेतला. चोरी म्हणा हवं तर. तो आमच्या लोखंडी कपाटात, निकाहनाम्याच्या फायलीत ठेवला. काढून कधी पाहिला नाही, पण आहे हे रोज माहीत होतं. आणि मोजणी काही थांबली नाही. रिक्षाच्या आरशाला लटकवलेलं लिंबू-मिरची हलायला लागलं की मी मोजायला लागतो. दवाखान्यात सलाइनची नळी, दुकानात टांगलेली केळ्यांची फणी, जे हलेल ते. बाकी आवाज बंद होतात आणि तो बारीक आवाज सुरू होतो, एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. पन्नासाच्या आत कुणी हाक मारली तर मी ओ देत नाही. अर्शिया लहानपणी म्हणायची, अब्बा कुठे जातात? दुपारी लॅब रिकामी असली की चार नंबरच्या टेबलाकडे मी पाठ करून उभा राहत नसे. एकोणीस वर्षांत त्या टेबलावर मी लंबक लावला नाही. मॅडमांनी विचारलं की सांगायचो, टेबल डगमगतं.

प्रिंट घेऊन घरी आलो आणि आबेदासमोर ठेवली. कपाटातून जुना कागदही काढला. दोन्ही शेजारी ठेवले. एकावर एक ठेवायचा धीर झाला नाही.

"जा," आबेदा म्हणाली. "आता तरी जा. सांगून टाका."

"काय सांगू? एवढ्या वर्षांनी?"

"म्हणा, आत्ता कळलं. कॉम्प्युटर आला, त्याने दाखवलं." तिनं प्रिंटच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे तारीख छापली होती, आजचीच. "हा कागदच आहे तुमच्या बाजूने. तिचं मन हलकं होईल, तुमचंही राहील. तिला काय कळणारे?"

मला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. वारज्याच्या बसमध्ये मी ते वाक्य चार वेळा मनात म्हणून पाहिलं. बाळा, आत्ता कॉम्प्युटरवर पाहिलं आणि कळलं. ड्रायव्हरच्या डोक्यावर हार टांगला होता. पुलापर्यंत मी तो मोजला.

जुन्या प्रवेश अर्जावरचा पत्ता नुसता 'गावठाण, वारजे' एवढाच. पण दत्तोबांचं नाव घेतल्यावर एका दुकानदारानं बरोबर बोट दाखवलं. चार मजली घर, खाली भाडेकरू, दारात तुळस. आजूबाजूला जिथे त्यांचे ज्वारीचे तुकडे होते तिथे आता बावीस मजल्यांच्या इमारती. ओट्यावर तुळजाबाई लसूण सोलत बसल्या होत्या, संस्कृतीच्या आई.

"दत्तोबा आहेत?" मी विचारलं.

"त्यांला जाऊन चार वरसं झाली. तुमी कोन?"

"कॉलेजातला. संस्कृतीला भेटायचं होतं."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कालिजातल्यांचं आता काय काम हाय तिच्याकडं?" मग त्यांनीच हात केला. "त्या पेट्रोल पंपाच्या अंगाला हाय बगा दुकान. काचंचं. जावई आन् ती, दोगं बी तितंच असत्यात."

दुकानाबाहेर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उभ्या होत्या. आत लाकडी टेबल, त्यावर गालिच्याचा तुकडा, आणि भिंतीला टेकवलेल्या काचा. सरकत्या खिडक्या करून देण्याचं काम. तिचा नवरा जयसिंग कुठल्याशा इमारतीत खिडक्या बसवायला निघाला होता, फोनवर बोलत बोलत गेला. ती वहीत काहीतरी लिहीत होती. अंग भरलेलं, चष्मा, केसांत एक पांढरी बट. वर पाहिलं आणि क्षणभरच थांबली.

"मामा? फिजिक्सचे?"

"हो."

"बसा." तिनं स्टूल पुढे सरकवलं. "पाणी घेता?"

मी पाणी प्यायलो. मग वर्तमानपत्र सोडलं आणि दोन्ही कागद टेबलावर ठेवले. तिनं जुना कागद उचलला. स्वतःचं सतराव्या वर्षीचं अक्षर पाहून माणसाला काय होत असेल ते मला माहीत नाही. मग तिनं प्रिंट पाहिली आणि उठून भिंतीजवळच्या एका मोठ्या काचेशी गेली. काचेच्या मागे रस्त्याकडचा उजेड होता. तिनं प्रिंट काचेला लावली, वर आपला कागद ठेवला आणि चौकटी जुळेपर्यंत दोन्ही कागद हळूहळू सरकवले.

जे मी घरी करायला घाबरलो ते तिनं अर्ध्या मिनिटात केलं. मी स्टुलावरून पाहत होतो. पेन्सिलीचे सहा ठिपके निळ्या रेघेवर बसले. एक जरा वर होता, सत्तरचा. बाकी सगळे जागच्या जागी. खाली रेघ टेकत होती ती दोनवर.

"दोन सेंटिमीटर," ती म्हणाली.

"हो."

"मला माहीत होतं." ती अजून काचेकडेच पाहत होती. "परीक्षा झाली त्याच दिवशी घरी जाऊन मी आलेख दुसऱ्या कागदावर पुन्हा काढला. रेघ मागे वाढवली. वेळ चुकला असता तर तिरपी बदलली असती. तिरपी बरोबर होती. म्हणजे धागाच कमी होता, सगळीकडे सारखाच कमी. बाबांना सांगितलं. त्यांना काय कळणार त्यातलं? ते म्हणाले, चल, त्या मामांना विचारू. ते खोटं बोलायचे नाहीत."

रस्त्यावरून एक डंपर गेला. काचा थरथरल्या. ती कागद धरून उभीच होती.

"तुम्ही पट्टी काढून घेतली होती माझ्या हातातून," ती म्हणाली.

"हो. घेतली होती."

"तुम्हाला कधी कळलं, मामा?"

हाच प्रश्न. प्रिंटच्या कोपऱ्यातली तारीख मला बसल्या जागेवरून दिसत होती. तिलाही दिसत असणार. वाक्य तयार होतं, बसमध्ये चार वेळा घोकलेलं. ती तिथेच थांबली असती, मला चहा दिला असता, कदाचित हसलीही असती. मला ते फार हवं होतं.

"त्याच दिवशी," मी म्हणालो. "संध्याकाळी सातला."

तिनं काचेवरचे कागद काढले. फार सावकाश काढले. प्रिंट मला परत दिली. आपला कागद वहीत ठेवला, वही ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर लावला.

"म्हणजे जूनमध्ये आम्ही आलो तेव्हा..."

"माहीत होतं."

"हं."

मी धागे कसे जाळले ते सांगितलं. सात पोरांचं सांगितलं, माझ्या नोकरीचं सांगितलं. सांगताना माझं मलाच ते किती फुसकं वाटायला लागलं.

"बाबांनी नंतर कधी विषय काढला नाही," ती शेवटी म्हणाली. "ओरडले नाहीत, काही नाही. लग्न ठरवलं, चांगलं घर बघून दिलं. पण मोजलं होतं का, हे त्यांनी परत विचारलं नाही. मी वाट बघायचे. दवाखान्यात शेवटचे आठ दिवस मी त्यांच्याजवळ होते, तेव्हाही वाटायचं, आता विचारतील." तिनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला आणि पुन्हा घातला. "तुम्ही चार वर्षं आधी यायला पाहिजे होतं."

"हो," मी म्हणालो. "यायला पाहिजे होतं. माझं चुकलं. फार चुकलं."

ती 'जाऊ द्या' म्हणाली नाही. म्हणावं अशी माझीही अपेक्षा नव्हती, निदान मी स्वतःला तसं सांगत होतो. माझे डोळे भरून आले आणि मला त्याची लाज वाटली. रडायचा हक्क त्या दुकानात माझा नव्हता.

तिचा फोन वाजला. "हां, बोला... नाही, आज पोचेल ना. साडेचारपर्यंत. कट करून ठेवतेच आहे." फोन ठेवून ती उठली. जयसिंग खिडक्या बसवायला गेला होता, हाताशी कुणी नव्हतं. ती काच एकटीनं आडवी करायला लागली तसा मी उठलो आणि दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून ती गालिच्यावर ठेवली. तिनं भिंतीवरची स्टीलची टेप काढली, फर्रकन ओढली आणि टोक माझ्याकडे दिलं.

"धरा. काठावर दहा ठेवा."

"दहा?"

"आमच्याकडे टोकापासून कुणी धरत नाही. जयसिंगही नाही, पोरंही नाहीत. दहापासून धरायचं आणि शेवटी दहा वजा करायचे. काच एकदा कापली की जोडता येत नाही."

मी टेप घेतली. दहाचा आकडा काचेच्या काठाशी आणला, अंगठ्यानं दाबला आणि हात हलू नये म्हणून कोपर टेबलावर टेकलं. एकोणतीस वर्षांत इतक्या काळजीनं मी काही धरलं नसेन. ती टेप ओढत दुसऱ्या टोकाला गेली. आकडा वाचला, खडूनं खूण केली, काच कापायची कलम कानामागून काढून हातात घेतली.

मग ती थांबली. कलम खाली ठेवली, टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आली, आणि वाकून माझ्या अंगठ्याखालचा दहाचा आकडा स्वतः पाहिला. मी अंगठा जरा बाजूला केला, तिला नीट दिसावा म्हणून.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि परत जाऊन तिनं काच कापली.